चंद्रावरचं पोटॅशियम

वाघमारे बाई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायच्या. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटायचं. मला तर रागच आला होता. मी नुकतीच त्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते, पदवीने त्यांच्यापेक्षा मोठी, वयाने वीस वर्षांनी लहान, आणि या बाई माझ्या बांगड्यांकडे टक लावून बघताहेत. म्हटलं, हिला काय मोजायचंय?

हैदराबादेत तारनाक्याच्या पुढे आमची संस्था होती. राज्य सरकारची, जुनी, चिंचेच्या झाडांनी वेढलेली. तिच्या मागच्या अंगाला आमची प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत एक पोलादी टाकी. टाकीतली हवा काढून काढून इतकी काढायची की चंद्रावर असते तेवढीच उरावी, म्हणजे जवळजवळ नाहीच. मग आत चंद्राच्या मातीसारखी दगडाची पूड ठेवायची आणि तिच्यावर विद्युतभारित कणांचा मारा करायचा. सूर्याकडून असे कण सतत सुटत असतात. पृथ्वीला हवेचं आणि चुंबकत्वाचं पांघरूण आहे, चंद्राला नाही. तो उघडाच. कण येऊन आदळतात, ऊन आदळतं, बारीक धुळीचे खडे आदळतात, आणि त्याच्या अंगावरचे अणू सुटून वर उडतात. त्यातले काही परत पडतात, काही कायमचे निघून जातात. किती जातात, कोणते जातात, हे मोजणं आमचं काम. त्यातही सोडियम आणि पोटॅशियम, हे दोन.

पहिल्याच दिवशी मी टाकीचा एक बोल्ट उघड्या हाताने उचलला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ते बोट जरा जिभेला लावून बघा."

मी बोटाकडे बघितलं. स्वच्छ होतं.

"लावा की. कसं लागलं?"

"खारट."

"हौ. हेच उद्या टाकीत निघंल आणि तुम्ही लिहिताल, चंद्रावर सोडियम लई आहे." मग त्यांनी तो बोल्ट माझ्या हातातून चिमट्याने घेतला, द्रावणात टाकला, आणि मला हातमोजे दिले. चारचौघांत मी 'मॅडम'. चहाला बाहेर पडलो की मराठीत 'अगं माय'. ही वाटणी त्यांनीच केली आणि शेवटपर्यंत पाळली.

बाईंचं घराणं देगलूरकडचं. वडील सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात लागले ते इथलेच झाले. निजामाच्या राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा गाव मुंबईच्या बाजूला गेलं आणि हे हैदराबादेत राहिले. बाई सांगायच्या, "आमच्या आबाला विचारलं होतं साहेबानं, तिकडं जातोस का. आबा म्हणले, तिकडं माझं गाव आहे पण इथं माझा पाना आहे." वडिलांचा तो पाना बाईंच्या कपाटात होता. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. नल्लकुंट्याला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. बी.एस्सी. झालेल्या बाई तांत्रिक सहायक म्हणून लागल्या आणि त्याच पदावर म्हाताऱ्या होत आल्या. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. माझ्या तोंडून त्यांनी पुष्कळ ऐकली.

टाकी बंद करण्याची त्यांची एक पद्धत होती. शेवटचा बोल्ट आवळण्याआधी आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्याने घ्यायचं: तार, खिळा, काच, बशी. नमुना ठेवायची तांब्याची वाटोळी तबकडी असते, तिला सगळं जग होल्डर म्हणतं, बाई बशी म्हणायच्या. त्यांच्यामुळे आमचे मूर्ती सरही बशी म्हणायला लागले. सर आमचे प्रमुख. तेलुगू माणूस, बाईंशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. परदेशी पाहुण्यासमोर एकदा सर म्हणाले, 'प्लीज ब्रिंग द बशी,' आणि पाहुण्याने ते वहीत लिहून घेतलं.

नल्लकुंट्याजवळच्या विहारात रविवारी बाई पोरांना विज्ञान शिकवायच्या. मी एकदा गेले होते. परातीत गव्हाचं पीठ सपाट पसरलेलं, आणि बाई वरून एकेक चणा टाकताहेत. चणा पडला की पिठाचा कण उडतो. "बघा, कुठं पडला? परातीतच पडला ना? मग चंद्राचं काही गेलं नाही. आता हा बघा, परातीच्या बाहेर गेला. हा गेला तो गेला." पोरांची मराठी निम्मी तेलुगू, निम्मी दखनी. एक मुलगी म्हणाली, "मिस, फिर तो चाँद खतम हो जाएगा ना?" मागे बसलेल्या तिच्या आजीनेही काळजीने मान वर केली. बाई म्हणाल्या, "झिजतो बाळा, रोज झिजतो. पण आपल्या सगळ्यांना पुरून उरंल." आजीचं समाधान झालं. मुलीचं झालं नसावं, तिने परातीतलं पीठ बोटाने मोजायला सुरुवात केली. बाईंना ती मुलगी फार आवडली.

मग राज्य फुटण्याची वर्षं आली.

बाहेर मोर्चे, बंद, घोषणा चालू होत्याच. आत, संस्थेत, वाटणीची भाषा सुरू झाली. संस्था सरकारी, सरकार दोन होणार, म्हणजे संस्थाही दोन. कपाटांवर खडूने खुणा झाल्या. माणसांचे शाळेचे दाखले मागवले, कोण स्थानिक, कोण नाही. वर्षानुवर्षं एका डब्यातून जेवणारी माणसं एकमेकांसमोर दाखला पालथा ठेवायला लागली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? वाटणीसाठी एक समिती नेमली होती. तिचा एकच नियम आम्हाला महत्त्वाचा होता: ज्या प्रयोगशाळेकडे स्वतःचं ठोस, चालू काम आहे ती जागेवर अखंड राहील; बाकीच्यांची यंत्रं पलीकडच्या राज्यात पाठवतील आणि माणसं जिथं जागा असेल तिथल्या कचेऱ्यांत घेतील.

आमच्याकडे ठोस काम नव्हतं. चालू होतं, पण निष्कर्ष हाताला लागत नव्हता. बाईंच्या निवृत्तीला दोन-अडीच वर्षं होती. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "मला दुसरं काही नको माय. या टाकीपाशी रिटायर झाले की झालं. कचेरीत बसवलं तर मी मरंन." बाई असं बोलायच्या नाहीत. म्हणून ते माझ्या मनातून गेलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत आयुधपूजा व्हायची. हे हैदराबादेत कुठेही होतं, गॅरेजपासून संगणकाच्या कंपनीपर्यंत. पाने, पक्कड, पंप, सगळ्याला हळदकुंकू, झेंडू, आणि मूर्ती सर स्वतः टाकीसमोर नारळ फोडायचे. बाई पूजेला थांबायच्या नाहीत. दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, तो त्यांचा दिवस वेगळा होता. पण आदल्या दिवशी टेबलावर हत्यारं मांडून द्यायच्या त्याच. सगळं पुसून, ओळीने. मग व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या. नारळ फुटल्याचा आवाज आला की आत यायच्या आणि खोबऱ्याचा तुकडा घ्यायच्या. एकाने एकदा विचारलं, तुम्हाला चालतं का? म्हणाल्या, "खोबरं आहे की ते. खोबरं म्हणून खायले."

त्या वर्षीही तसंच झालं. दसरा झाला, आम्ही नवा नमुना टाकीत घातला, आतला ओलावा जावा म्हणून तीन दिवस टाकी तापवली, मारा सुरू केला. आणि आलेखावर पोटॅशियमचा सुळका उभा राहिला. अपेक्षेच्या कितीतरी पट. सोडियमही जास्त, पण पोटॅशियम त्याच्याही वर. आजवर कुणालाच असं दिसलं नव्हतं. चंद्राभोवती सोडियम जास्त, पोटॅशियम कमी, हे दुर्बिणींनी पाहिलेलं, इथे उलटं. सरांचा चेहरा त्या दिवशी दहा वर्षांनी तरुण झाला. समिती यायला दहा-बारा दिवस होते. सर टिपण लिहायला बसले. मी आकडेमोड करायला बसले आणि खरं सांगते, मनात मी पेढे वाटलेसुद्धा.

बाई मात्र दोन दिवस टाकीभोवती फिरत राहिल्या. झडपा बघितल्या, पंपाचं तेल बघितलं, पुडीची बाटली परत तपासायला दिली. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या मध्येच थांबल्या. समोर शहाळीवाला एकाला शहाळं सोलून देत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. माय, नारळाच्या पाण्यात काय असतं?"

मला उत्तर ठाऊक होतं. कुणाही आजाऱ्याला ठाऊक असतं. पोटॅशियम.

"मी त्या दिवशी बशी मांडली होती टेबलावर," बाई म्हणाल्या. "धुतलेली. सर म्हणले बशीपण ठेवा, तिचीपण पूजा. ठेवली. झाकली नाही. पूजेनंतर वरवर बघितली, कोरडी होती, चकचकीत होती. परत धुतली नाही."

"नारळ सरांनी फोडला होता," मी म्हणाले. "त्यांच्यासमोर हे कोण बोलणार?"

"तेच तर. मी बोलले तर म्हणतील, हिला आमचा नारळ खुपतो. आयुष्यभर बाहेर उभी राहिली, आता बघा काय काढलं हिनं."

"आणि नाही बोललात तर?"

"तर चंद्रावर नारळाची बाग लावल्यासारखं होईल." दोघीही हसलो, पण ते हसू टिकलं नाही. टाकी राहणार होती, त्या राहणार होत्या, मी राहणार होते. सगळं त्या एका सुळक्यावर टांगलेलं होतं. मी भित्री आहे. मी म्हणाले, "नक्की नारळच असेल असं कुठं आहे?" बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. बघूच की."

त्यांनी तारनाक्याच्या बाजारातून एक नारळ आणला आणि प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर फोडला. नेम चुकला, अर्धं पाणी साडीवर गेलं. "सर बरे फोडतात," म्हणाल्या. आधी नुसती स्वच्छ बशी टाकीत घातली, पूड नाही, काही नाही. दोन दिवस पंप, मग मारा. आलेख सपाट. मग त्याच बशीवर पाण्याचा एक थेंब ठेवला, दिव्याखाली सुकवला. सुकल्यावर तिथे काही दिसत नव्हतं. भिंग लावलं तर एक पुसट कडी. पुन्हा दोन दिवस पंप. सुळका उभा राहिला, तोच, तेवढाच बेशरम. बाईंनी आलेखाचे दोन कागद घडी न घालता उचलले आणि सरांच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, चल.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाघमारे जी, इसका मतलब मेरा नारियल."

"नारियल का क्या है सर, वो तो नारियल है. बशी मेरी थी."

"आप नहीं बोलते तो किसी को मालूम नहीं होता."

"दूसरे लॅबवालों को होता ना सर. छे महिने में होता. फिर अपने लॅब का नाम कायकू लेते कोई?"

सर खिडकीकडे वळले. त्यांनी लिहिलेलं टिपण टेबलावरच होतं, सहा पानं, वर सुबक शीर्षक. ते त्यांनी फाडलं नाही, नुसतं खणात ठेवलं. मग तेलुगूत हळूच काहीतरी म्हणाले. मला एवढंच कळलं, 'अम्मा'.

त्याच दुपारी बाईंनी प्रयोगाच्या नोंदवहीत नोंद केली. तारीख, नमुना क्रमांक, आणि खाली: बशी पूजेच्या टेबलावर उघडी ठेवली होती, पुन्हा न धुता वापरली, निष्कर्ष बाद, चूक माझी. सही. मी भांडले. म्हटलं, चूक तुमची कशी? ज्याने नारळ फोडला त्याची का नाही? बशी टेबलावर ठेवायला लावली त्याची का नाही?

"बशी माझी आहे. झाकायचं काम माझं आहे. नारळाला काय कळतंय?"

"पण लोक म्हणतील वाघमारे बाईंमुळे लॅब गेली."

"म्हणू दे," बाई म्हणाल्या, आणि नोंदवही मिटून कपाटात ठेवली. "म्हणू दे माय."

समिती आली. नवा प्रयोग करायला वेळ उरला नव्हता. तिघेजण होते, सभ्य माणसं, घाईत. त्यांनी नोंदवही चाळली आणि एक जण त्या पानाशी थांबला. त्याने बाईंना बोलावलं. मी दारात होते. त्याने पूजेबद्दल विचारलं, मग जरा वेगळ्या सुरात विचारलं, "आप पूजा में थे?"

प्रश्नातली मेख खोलीतल्या सगळ्यांना कळली. वाघमारे या आडनावाने हैदराबादेत काय कळायचं ते कळतं.

"नहीं साब. मैं बाहर खडी थी," बाई म्हणाल्या. "इसीलिए गलती मेरी है. अंदर रहती तो झाक देती."

त्या माणसाने मान खाली घातली. तेवढ्यात मूर्ती सर उठून उभे राहिले. उभं राहण्याची काही गरज नव्हती. म्हणाले, "नारियल मैंने फोडा. टेबल पर रखने को मैं बोला. गलती इन्होंने पकडी. हमारे लॅब में बीस साल में जो सबसे सही काम हुआ, वो ये पन्ना है." समितीच्या अध्यक्षांनी ते ऐकून घेतलं. चांगल्या शब्दांत ऐकून घेतलं. कागदावर मात्र लिहिलं ते नियमानेच लिहिलं: निष्कर्ष उपलब्ध नाही.

टाकी पलीकडच्या राज्यात, समुद्राकाठच्या एका शहरातल्या कॉलेजात गेली, आणि सर तिच्याबरोबर गेले. मला इथेच शिकवायचं काम मिळालं. बाईंना एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात बसवलं. टाकी खोक्यात भरण्याच्या दिवशी आत हवा सोडायला त्या आल्या होत्या. घाईने सोडली तर आतली काच तडकते, म्हणून अर्धा तास झडप बोटाने धरून बसल्या. हमाल ताटकळत होते. हवेच्या दाबाची सुई शेवटच्या आकड्यावर आली तेव्हा त्यांनी आतल्या वस्तूंची नावं घेतली, हळू, स्वतःशीच, आणि बाहेर निघून गेल्या. मागे वळून बघितलं नाही. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. सत्य सांगणाऱ्याचं काहीतरी भलं व्हायला हवं, असं मला अजून वाटतं. होत नाही, हेही आता ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर बाई मुलीकडे गेल्या आणि वर्षभरात वारल्या. ते मला फार उशिरा कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच कचेरीत, खिडकीच्या जाळीपलीकडे.

सरांनी नव्या जागी सगळं पुन्हा उभं केलं होतं. प्रयोग पहिल्यापासून केला होता आणि तो छापून आला होता. त्याची एक प्रत त्यांनी मला पाठवली, एक बाईंसाठी. ती घेऊन मी गेले. खिडकीपुढे रांग होती, दाखले घेऊन आलेल्या माणसांची. मी रांगेतच उभी राहिले. मला बघून त्या ओळखीचं हसल्या, पण नंबर आल्याशिवाय घेतलं नाही. जाळीखालून मी कागद सरकवले. शेवटच्या पानावर आभाराच्या ओळीत त्यांचं नाव होतं. तिथे त्यांनी बघितलं नाही. त्या आलेख शोधत होत्या. सोडियमच्या आकड्यावर बोट ठेवून थांबल्या, मान हलवली. मग वर बघितलं.

"पोटॅशियम?"

"थोडंसंच आहे बाई," मी म्हणाले. "दुर्बिणीतून दिसतं तेवढंच."

त्यांनी डोळे मिटले. क्षणभरच. मग कागद सारखे केले, जाळीखालून माझ्याकडे परत सरकवले आणि म्हणाल्या, "तुझ्याजवळ ठेव. इथं चहा सांडतो." माझ्या मागच्या माणसाचा अर्ज त्यांनी ओढून घेतला, तारखेचा शिक्का उचलला, आणि तेलुगूत विचारलं, "पेरु चेप्पंडी."

तो आपलं नाव सांगायला लागला.